दुसरं कडवं

३ फेब्रुवारी, मंगळवार

“इथे नका हं मारू उडी!” — मला त्या एमआरआयच्या बोगद्यात सरकवताना तंत्रज्ञ म्हणाला आणि स्वतःच हसला. मीही हसलो. हसावंच लागतं.

आत मशीन ठोके देत होतं. धाड, धाड, धाड. लय पक्की! आमच्या ड्रमवाल्याला आवडली असती. मी डोळे मिटले आणि देवाला सांगितलं — हा गुडघा वाचव. कापाकापी नको. पुन्हा आयुष्यात उडी मारणार नाही. शब्द देतो.

तासाभराने डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. “गादी झिजलीय, पण ऑपरेशन नको. व्यायाम करा.”

मी मनातल्या मनात हात जोडले.

“म्हणजे आता बिनधास्त मारा उडी!” डॉक्टर म्हणाले. “महिनाअखेरीला माझ्या मुलीचं लग्न आहे. आलंच पाहिजे तुम्ही. एकच मारा, पण मारा!”

देवाने शब्द पाळला. आता माझी पाळी.

४ फेब्रुवारी, बुधवार

गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, रोज चार ओळी लिहा, आणि ज्या कुणाला दाखवणार नाही अशाच लिहा. म्हणून इथे स्पष्ट लिहितो. मला उडीचा कंटाळा आलाय. गुडघा हे निमित्त.

तेवीस वर्षांचा होतो तेव्हा ‘मार उडी’ गायलो. शब्द माझे, चाल माझी, गुडघेही माझेच, नवे कोरे. पहिलं कडवं मी म्हणायचं. दुसऱ्याला माईक लोकांकडे धरायचा, सगळं मैदान गातं, तेवढ्यात आपण खोक्यावर चढायचं. मग हवेत झेप, आणि पाय टेकले की ड्रमचा दणका! तेव्हापासून आजतागायत हेच. मधे दाढी पांढरी झाली, लेक कॉलेजात गेली, खोकं दोनदा बदललं. गाणं तेच.

आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर आहे. बाकी जगाला मी उडीवाला.

८ फेब्रुवारी, रविवार

आज घरच्यांना नवी गाणी ऐकवली. सात आहेत. ही कुठून आली हे मला सांगता येणार नाही. गेलं वर्षभर सकाळी देवासमोर बसतो, काही मागत नाही, नुसता बसतो. उठताना एखादी ओळ सोबत यायची. तशी सात गाणी झाली. ढोल नाही, ताशा नाही, ड्रम नाही. एक पेटी आणि मी.

पहिलं गाणं संपलं. लेक वाट बघत बसलेली. मग म्हणाली, “बाबा, सुरू कधी होतं?”

“संपलं.”

“अच्छा!” तिने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

ही शेंगा सोलत होती. सातही गाणी होईपर्यंत सोलत होती. शेवटी म्हणाली, “छान आहेत.” परक्या घरी बिनसाखरेचा चहा मिळाल्यावर बायका ज्या आवाजात छान म्हणतात, त्याच आवाजात.

“नीट सांग ना.”

“सांगितलं की. छान आहेत. ही टोपली उचला जरा.”

तिला माझी उडीही कधी आवडली नव्हती. लग्नानंतर दोनेक कार्यक्रमांना आली, मग म्हणाली, “कानात दडे बसतात.” त्यानंतर आलीच नाही. तिला उडी नको, तिला हेही नको. हिला नेमकं हवंय तरी काय! पण हे विचारायची हिंमत मला लग्नाच्या वेळीही नव्हती.

११ फेब्रुवारी, बुधवार

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ, आणि माझा मॅनेजर. दोन्ही नात्यांत त्याचं ऐकावं लागतं, म्हणजे दुप्पट.

दोन गाणी ऐकली. तिसऱ्याला त्याने फोन काढला. पाचव्याला हळूच विचारलं, “दाजी, घरात सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे. का?”

“नाही, म्हटलं ताई काही बोलली की काय.”

मी त्याला सरळ सांगितलं, आता उडी बंद. देवाला शब्द दिलाय. तो मटकन खाली बसला. देवाच्या बाबतीत तो माझ्याशी वाद घालत नाही, पण आडून येतो. “दाजी, लोक तुमचं गाणं ऐकायला येतच नाहीत. लोक स्वतःचं तरुणपण बघायला येतात. तुम्ही फक्त ते खोक्यावरून खाली टाकून दाखवायचं! त्यात तुमचं काय जातं?”

“गुडघा जातो.”

“गुडघा बरा झालाय म्हणाले ना डॉक्टर?”

इथे मी अडकलो. बरा झाला म्हणूनच उडी मारायची नाही, हे त्याला कसं समजवायचं? मलाच नीट समजत नाही.

शेवटी तडजोड झाली. एक लहान सभागृह. खुर्च्यांवर बसून ऐकणारे लोक. सात नवी गाणी, आणि सगळ्यात शेवटी ‘मार उडी’, पण संथ, स्टुलावर बसून. लोकांनी ऐकून घेतलं तर पुढचे कार्यक्रम असेच. नाही घेतलं तर मुकाट्याने खोक्यावर. “मग देवाशी मी बोलतो,” मेहुणा म्हणाला.

देवा, मला गर्दी नको. एकदाच, एका खोलीभर माणसांनी उडी न मागता माझी गाणी ऐकावीत. एवढंच.

१५ फेब्रुवारी, रविवार

शेजारचे वकील गेले. भेटायला गेलो. सगळे खाली माना घालून बसलेले. मीही बसलो. मोठा मुलगा माझ्याशेजारी सरकला, माझा हात हातात घेतला. डोळे भरलेले.

“बाबांना फार आवडायची हो तुमची उडी.”

मी म्हटलं, “चांगला माणूस गेला.”

“शेवटी शेवटीसुद्धा टीव्हीवर लागली की बोट वर करायचे.” मग थोडं थांबून, अगदी हळू — “आता बाबांसाठी... थोडीशी?”

देवाशपथ सांगतो, माझी टाच उचलली गेली होती! तेवढ्यात आतून कुणीतरी पाणी आणलं म्हणून वाचलो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून तालीम. ड्रमवाला सगळे ड्रम घेऊन आला. म्हटलं, अरे या गाण्यांत ड्रम नाहीत.

“माहितीये दादा. पण त्यांना घरी एकटं कसं ठेवू?” त्याने ते कोपऱ्यात मांडले आणि वर चादर घातली. दिवसभर कुणीतरी आजारी माणूस खोलीत झोपलाय असं वाटत होतं.

हा माझ्या पहिल्या कार्यक्रमापासून माझ्यासोबत आहे. पाय टेकले की दणका, एवढ्यावर आमची मैत्री उभी आहे. त्याला सोडून मी पेटीवाल्याला घेऊन निघालो तर मला जेवण जायचं नाही. म्हणून त्याच्यासाठी एक लहान पितळी घंटी आणली. शेवटच्या गाण्यात, दुसरं कडवं संपलं की एकदा वाजवायची.

“एकदा म्हणजे किती वेळा?”

“एकदा म्हणजे एकदा.”

त्याने वाजवली. पेटीवाल्याने कान धरले. खिडकीवरचं कबूतर उडून गेलं.

“अरे हळू! झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतो ना आपण, तसं.”

“आणि वाजलीच नाही तर?”

“तरी चालेल.”

“चालेल?” त्याचा चेहरा पडला. “म्हणजे वाजली काय, न वाजली काय, सारखंच? मग दादा, मी कशाला?”

मी घंटी परत त्याच्या हातात दिली. तो संध्याकाळपर्यंत घंटीशी झटत होता. हात एवढाले, घंटी एवढीशी. एखाद्या पैलवानाला सुईत दोरा ओवायला बसवावं तसं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तालीम चांगली चाललीय. सातही गाणी बसली. शेवटच्याची तालीम घेतली नाही. कधीच घेत नाही. ते काय, झोपेतही येतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांच्या मुलीचं लग्न. गेलो नाही. सर्दी झाल्याचं कळवलं. डॉक्टरांनी उलट निरोप धाडला, “सर्दीचा आणि गुडघ्याचा काय संबंध?”

६ मार्च, शुक्रवार

उद्या कार्यक्रम. मेहुण्याला आता भलताच उत्साह चढलाय. त्याला एक गोष्ट पटली की मग तो ती लोकांच्या घशाखाली उतरवल्याशिवाय राहत नाही. दाजींना शांतता हवी? देऊ! सभागृहाच्या दारावर पाटी — कृपया शांतता राखा. तिकिटावर छापलंय — बोलू नये, टाळ्या शेवटीच वाजवाव्यात, सोबत गाऊ नये. ‘सोबत गाऊ नये’ खाली दोन रेघा.

“अरे, ही माणसं इस्पितळात येतायत का?”

“दाजी, तुमचे श्रोते मला माहीत आहेत. एवढं केलं नाही तर ते पहिल्याच गाण्याला खुर्चीवर उभे राहतील.”

हिला विचारलं, येतेस का? म्हणाली, “तुम्ही काय घरात गात नाही का?”

८ मार्च, रविवार

काल झालं ते जसं झालं तसं लिहितो.

लोक आले. परीक्षेला बसल्यासारखे बसले. माझ्या वयाचेच सगळे. बायका चांगल्या साड्यांत, पुरुष इस्त्रीच्या शर्टात. काहींनी पायांत मात्र पळायचे बूट घातले होते. त्यांच्या मनात काय आशा होती ते मी ओळखलं.

पहिलं गाणं गायलो. संपलं. काहीच नाही. टाळी नाही, हूं नाही, चूं नाही. एकजण खोकला तर बाकीच्यांनी वळून पाहिलं. दुसरं, तिसरं, तेच. मला कळेना, ऐकतायत की सहन करतायत? आयुष्यभर मी लोकांच्या आरडाओरड्यावरून अंदाज बांधत आलो. शांततेचा अर्थ लावायला मी कधी शिकलोच नाही. चौथं गाणं माझं सगळ्यात लाडकं. ते म्हणताना पहिल्या रांगेतला एक गृहस्थ डोळे मिटून डोलत होता. मी सुखावलो. पाचव्यालाही तो तसाच डोलत राहिला, पेटी थांबल्यावरसुद्धा. मग त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

असं करत शेवटच्या गाण्यावर आलो. ठरलं होतं बसून गायचं, पण या गाण्याला बसवेना; स्टुलावरून उठलो. पेटीने संथ सूर धरला.

मार उडी, मार उडी, काठावरून थेट,
पाण्याशी होऊ दे आज एकदाची भेट...

लोकांच्या अंगात वीज गेली. दिसलं मला. पावलं हलली, ओठ हलले, पण तिकिटाची आठवण होऊन सगळे पुन्हा ताठ बसले. पहिलं कडवं मी म्हटलं. छान लागलं. आवाज कुठेही अडला नाही.

मग दुसरं कडवं आलं, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. माईक लोकांकडे.

लोक गप्प.

एक क्षण मला वाटलं, हे काय, गात का नाहीत? मग दोन रेघा आठवल्या. बरं, म्हटलं, आपण म्हणू. माईक परत घ्यायचा आणि म्हणायचं. त्यात काय आहे?

आणि शब्द नाहीत! एकही नाही. पहिलं अक्षरही नाही. मी आत हात घालून चाचपडतोय आणि आत रिकामं. तेव्हा लख्ख कळलं — हे कडवं मी तरुणपणी एकदा रेकॉर्डिंगला म्हटलं, त्यानंतर कधी म्हटलंच नाही. दर वेळी लोकांनी म्हटलं. मी खोकं चढत होतो.

हात तसाच पुढे. तो मागे घेतला तर गावं लागेल, म्हणून घेतला नाही. डोळे मिटले. देवा, एक शब्द दे. पहिला. पुढचे मी बघतो. देवाने दिला नाही. पेटीवाला हुशार, त्याने एकच सूर धरून ठेवला होता, शेवटी तोही दमला आणि थांबला. आता सभागृहात फक्त पंख्याचा आवाज. घाम माझ्या नाकावरून माईकवर पडत होता.

मी डोळे किलकिले करून ड्रमवाल्याकडे पाहिलं. तो घंटीवर टपून बसलेला. दुसरं कडवं संपलं की वाजवायची, एवढं त्याला पक्कं माहीत. पण कडवं सुरूच झालं नाही तर काय करायचं, हे मी कुठे सांगितलं होतं? बिचारा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. त्याला वाटलं, दादा खुणावतोय. आणि त्याने — अगदी झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तशी — घंटी वाजवली.

टण्...

दिवेवाल्याला वाटलं, संपलं. त्याने दिवे मालवले.

अंधार. मी मनात म्हटलं, झालं. उद्यापासून खोकं.

मग कुठूनतरी हुंदका आला. मग दुसरा. दिवे लागले तेव्हा सगळं सभागृह उभं होतं. बायका डोळे पुसत होत्या. पळायचे बूट घातलेला एकजण शेजाऱ्याला मिठी मारून रडत होता. टाळ्या थांबेनात.

विंगेत मेहुण्याने माझे पाय धरले. “दाजी! हे ठरवलं होतंत, आणि मला सांगितलं नाहीत!”

९ मार्च, सोमवार

मेहुण्याचा फोन थांबत नाही.

१२ मार्च, गुरुवार

वर्तमानपत्रात आलंय. समीक्षक लिहितात — ‘हात पुढे करून तो थांबला, आणि आपल्या हरवलेल्या तारुण्याने आपल्याला उत्तर दिलं नाही.’ पुढे घंटीवर एक अख्खा परिच्छेद. ड्रमवाल्याने तो कापून पाकिटात ठेवलाय, मुलांच्या फोटोच्या वर.

सात गाण्यांविषयी एक ओळ — ‘सुरुवातीची काही गाणी वातावरणनिर्मिती करतात.’

मी जेवताना म्हटलं, लोकांना खरं सांगून टाकतो.

ही म्हणाली, “सांगा की. खोटं कशाला वागवायचं?”

मेहुणा ताटावरून अर्धा उठला. “खबरदार! ताई, तू यात पडू नकोस!”

१७ मार्च, मंगळवार

सांगितलं. एक मुलाखत घेणारी बाई आली होती. तिने विचारलं, “ते मौन तुम्हाला कसं सुचलं?” मी म्हटलं, “बाई, सुचलं वगैरे काही नाही. मी शब्द विसरलो.”

डोळे भरून आले तिचे. “शब्द विसरणं...” ती पुटपुटली. “स्वतःचेच शब्द विसरणं! वा! आणि केवढी नम्रता!”

“नाही हो, खरंच विसरलो. दुसरं कडवं मला येतच नाही.”

“बरोबर आहे,” ती लिहून घेत म्हणाली. “कुणालाच येत नाही.”

यापेक्षा खरं कसं बोलतात, ते मला माहीत नाही.

२० मार्च, शुक्रवार

लेकीला म्हटलं, तुझ्या फोनवर ते गाणं काढ, दुसरं कडवं लिहून दे.

“बाबा, तुमचंच गाणं?”

“लिही म्हटलं ना.”

तिने चार ओळी लिहून दिल्या, माझ्याकडे दयेने बघत.

खोल किती, विचारू नको,
हाक आली की ये रे,
ओले हात वर करून
उभा इथे मी रे.

वाचलं, आणि पुन्हा वाचलं. हे मी लिहिलं होतं? गावच्या विहिरीवर थोरला भाऊ मला पोहायला शिकवायचा. तो पाण्यात, मी काठावर थरथरत. “मार उडी! मी आहे ना!” त्यावरून ते गाणं. एवढी साधी गोष्ट. आणि मी सकाळी देवासमोर बसून जे सात प्रकारे म्हणायला बघत होतो, ते याहून वेगळं काय होतं?

लोक हे बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणत होते, वर्षानुवर्षं. मी पाठमोरा खोक्यावर चढत होतो.

२ एप्रिल, गुरुवार

तिसरा कार्यक्रम. कडवं पाठ करून गेलो होतो. मेहुण्याला म्हटलं, आज म्हणतो.

“काय म्हणता?”

“दुसरं कडवं.”

त्याने मला बाजूला घेतलं. “दाजी, आयोजकांनी मौन ऐकून कार्यक्रम ठेवलाय. करारात आहे. तुम्ही गायलात तर तो भंग होईल.”

म्हणजे मी गायक, आणि गायलो तर कराराचा भंग! गप्प उभा राहिलो. नंतर आयोजक येऊन भेटले. म्हणाले, “सुंदर! पण पहिल्या वेळेपेक्षा थोडं कमी गप्प वाटलात.”

९ एप्रिल, गुरुवार

भाजीवाली पूर्वी मला बघून “मारा उडी!” ओरडायची. आज तिने डोळे मिटले, हात पुढे केला आणि तशीच उभी राहिली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. मी मुकाट्याने तिच्या हातावर दुधी ठेवला, वजन कर म्हटलं.

ड्रमवाल्याला आता ‘घंटीवाले’ म्हणतात. घंटीसाठी त्याने मखमलीची डबी बनवून घेतलीय. काल मला शिकवत होता, “दादा, घंटी वाजवायची नसते. वाजू द्यायची असते.”

ड्रमवरची चादर अजून तशीच आहे. मी विचारलं, आठवण येत नाही का रे त्यांची? तो डबीचं झाकण लावत राहिला. मग म्हणाला, “हातांना येते.”

१४ एप्रिल, मंगळवार

आज स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं. दारात थांबलो. माझं चौथं गाणं! मधली अवघड जागासुद्धा बरोबर घेतली हिने.

“काय गुणगुणतेस?”

“मी? कुठे काय!” आणि नळ मोठा सोडला.

१९ एप्रिल, रविवार

देवासमोर बसलो होतो, पण मन लागेना. एक गोष्ट कबूल करायला हवी. पहिल्या वेळी मी गप्प झालो तेव्हा तुझ्याकडे खरंच काहीतरी मागत होतो. आता गप्प असतो तेव्हा छतावरचे दिवे मोजतो. कधी उद्याची भाजी ठरवतो. लोक रडत असतात आणि मी दुधी की भोपळा करत असतो.

मौनाचंही खोकंच झालं. फक्त त्यावर चढताना दम लागत नाही.

उडी मागायचे तेव्हा निदान मागायचे तरी! हसून, ओरडून, हक्काने. आता कुणी काही मागत नाही. सगळे आदराने बघतात. मला आदराची भीती वाटते. गुरुजी वारले तेव्हा लोक त्यांच्याकडे तसं बघत होते.

२४ एप्रिल, शुक्रवार

उद्या मोठं सभागृह. तिकिटं संपली. मेहुण्याने हिला पास आणून दिला. हिने तो फ्रिजवर ठेवला. “बघू. कामं आहेत.”

स्टूल यावेळी जरा उंच आहे.

२६ एप्रिल, रविवार

काल. शेवटचं गाणं, दुसरं कडवं. हात पुढे. डोळे मिटलेले. हजारभर माणसं श्वास रोखून. मी दिवे मोजायला लागणार, तेवढ्यात मागच्या रांगांतून बाईमाणसाचा आवाज आला, खणखणीत:

“अहो! मारा की एक!”

सगळं जग मला उडीवाला म्हणतं. अहो म्हणणारी एकच आहे.

देवा, शब्द मोडला. स्टुलावर चढलो आणि मारली. फार उंच नव्हती. पण पाय टेकले आणि ड्रमवाल्याने घंटी फेकून समोरच्या रिकाम्या खुर्चीवर दोन्ही हातांनी असा दणका दिला की खुर्चीचं बूड गेलं. आणि मग सगळे उभे राहून ते कडवं गायले — खोल किती, विचारू नको! मी तोंड उघडलं होतं, पण माझा नंबर लागलाच नाही. ते कडवं मी अजूनही म्हटलेलं नाही. यावेळी मात्र पहिल्यांदाच त्यांच्याकडे तोंड करून ऐकलं.

गाडीत मी विचारलं. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मी कशाला ओरडू? मागची कुणीतरी असेल.”

गुडघा सुजलाय. आत्ता शेक देतेय आणि चौथं गाणं गुणगुणतेय. विचारत नाही. विचारलं तर थांबेल.